तुपाचा दोर

आमच्या डोंगरात बाई ओळखली जाते ती थोरल्या मुलावरून. अमक्याची आई, तमक्याची आई. माझ्या सासूला उहबानसारखा ताडमाड मुलगा होता, तरी सगळं खोरं तिला म्हणायचं शमूस दोरवाली. तिलाही तेच आवडायचं. "पोरं काय, कुणालाबी होतात," म्हणायची. "शेळीला तर एका वेताला दोन होतात. दोर वळून दाखवा म्हणावं."

हुजैल आमची टोळी. तिच्यातली शिमराखांची भावकी ती आमची, चाळीसेक घरांची. पुरुष कड्यावरून दोराला लटकून मध काढणार, बायका तो दोर वळणार, हे आमच्यात बापजाद्यांपासून चालत आलेलं. मी ताइफची, द्राक्षांच्या मळ्यातली. लग्न होऊन आले तेव्हा मला धड गाठ मारता येत नव्हती. पहिल्याच दिवशी सासूनं भिजवलेल्या काथ्याचा ढीग माझ्यापुढं टाकला आणि माझे तळहात उलटेपालटे करून बघितले.

"ताइफकरणी, ह्या हातांनी काय करत होतीस गं माहेरी?"

"मनुका वाळवत होते, आत्या."

"आता हातच वाळतील. बस."

ती मला शेवटपर्यंत ताइफकरीणच म्हणाली. जुमाना हे माझं नाव तिनं चारदोन वेळाच घेतलं असेल, आणि त्यातली एक वेळ पुढं येईलच.

खजुरीचा काथ्या ती दगडावर ठेचायची, पिंजायची, त्याच्या बारीक दोऱ्या काढायची आणि दोऱ्यांचे तीन पेड करून ते एकमेकांत वळायची. प्रत्येक पेडात काळ्या शेळीच्या केसांचा एक धागा. ती तिची खूण. दुसऱ्या कुणाच्या दोरात तो धागा दिसला तर ती त्या बाईच्या दारात जाऊन उभी राहायची. दोर तयार झाला की बाभळीच्या फांदीला बांधून आधी स्वतः लोंबकळायची, चार माणसांच्या देखत, पाय वर घेऊन. म्हातारपणीही. "नवऱ्याला टांगायच्या आधी बायकोनं टांगून घ्यावं," हे तिचं म्हणणं.

आणि मग तूप. ही तिची स्वतःची रीत, आणखी कुणाची नव्हे. कोमट तूप तळहातावर घेऊन दोराच्या हात-हातभर लांबीवर चोळत जायची, दोर सापासारखा चकाकेपर्यंत. बाकीच्यांचे दोर हातांची सालं काढत, पावसात फुगत. तिचा दोर हाताला लोण्यासारखा लागे आणि पाणी त्यावरून ओघळून जाई. तिघा-चौघा बायकांनी तिची नक्कल केली. पण तूप महाग, म्हणून सोडून दिली.

खोऱ्यापलीकडं फहम टोळीची जुवैन भावकी. तीही मधावर जगणारी. ते लोक दोराला अरअरच्या झाडाचं डांबर फासत. हेच डांबर आम्ही खरजुल्या उंटाला लावतो. काळं, कडू, आणि वास असा की माणसानं वाट बदलावी. माझ्या सासूला बोलायला तेवढं पुरे होतं.

"फहमचा माणूस कड्यावरून उतरला ना, की माश्या त्याला चावत न्हाईत. ओकतात."

मला शिकवताना ती जुन्या दोरांची टोकं पुढं टाकायची. "दोर तीन तऱ्हांनी मरतो, ध्यानात ठेव. सुरीनं मेला तर टोक काकडीसारखं सपाट. ताणानं मेला तर केरसुणीसारखं फिसकटलेलं. आणि दगडावर घासून मेला तर एका अंगाला मिशा फुटलेल्या." मी डोळे मिटून, नुसतं बोट फिरवून सांगू शकेन इथपर्यंत तिनं मला आणलं. दोराच्या बाबतीत तिचा शब्द खोऱ्यात शेवटचा होता. तिनं सांगितलं आणि कुणी उलट विचारलं असं मी कधी पाहिलं नाही.

तिच्या त्या शब्दावर एक माणूस मेला होता. मी घरात आले त्याच्या तीन वर्षं आधी.

झालं होतं असं. गिधाडकडा म्हणून एक कडा आहे. माथा आमच्या बाजूला, पायथा फहमच्या. मोहोळं कड्याच्या पोटात, वर दगडाचं छप्पर असल्यासारखी. तिथलं काम दोन दिवसांचं. पहिल्या दिवशी उतरायचं, दोर माथ्यावर ठोकलेल्या मेखेला तसाच ठेवून घरी यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरायचं. एवढा जड दोर रोज कोण वाहणार? तर दुसऱ्या दिवशी माझे सासरे, इयास, उतरले आणि दोर गेला. देह पडला खाली, जुवैनांच्या हद्दीत. त्यांनी तो उंटावर घालून, तोंड झाकून, शिवेपर्यंत आणून दिला. दोर त्याच्यासोबत नव्हता. वर मेखेला उरलेला तुकडा आमच्या माणसांनी तिथंच जाळला. ज्यानं माणूस मारला तो दोर घरी आणायचा नाही, ही आमच्यातली रीत. म्हणजे सासूनं ना वरचं टोक पाहिलं, ना खालचं. पाहणाऱ्यांनी एवढंच सांगितलं की टोकाशी निम्मे तंतू कापल्यागत दिसत होते.

ती म्हणाली, "माझा दोर तुटत न्हाई. कापलाय."

बस, एवढंच. ताणानं तुटला असता तर बोट तिच्याकडं वळलं असतं. तसं बोट कुणी वळवलंच नाही. आणि खालचा दोर कुठाय? फहमवाल्यांनी लपवला. का लपवला? कापल्याची खूण दिसेल म्हणून. सगळं कसं बरोबर बसलं. जुवैनांची माणसं विहिरीवर आली आणि रीतीप्रमाणे त्यांनी पन्नास शपथा घातल्या, की आम्ही कापला नाही, कुणी कापला तेही आम्हाला ठाऊक नाही. आमची माणसं तिथंच हसली. शपथेवर हसणं म्हणजे काय, हे ज्याला टोळी आहे त्याला सांगावं लागत नाही. दहाव्या दिवशी उहबाननं, तेव्हा तो विशीचा होता, त्यांच्यातल्या मुर्रा नावाच्या तरण्याबांड माणसाला पाणवठ्यावर गाठून भाला मारला. पुढं माझा नवरा झाला तो हाच. मुर्राचं नाव त्यानं माझ्यापुढं कधी काढलं नाही. मीही विचारलं नाही.

तेव्हापासून गिधाडकड्याकडं ना आम्ही फिरकलो, ना ते. अकरा वर्षं माश्यांनी तिथं राज्य केलं.

मग दिवस पालटले. मक्का मदीनेच्या हाती गेली, माझं ताइफही वाकलं, आणि आमच्या वडीलधाऱ्यांनीही मदीनेचा शब्द मानला. तिथून निरोप आला तो आम्हाला पटण्याजोगा होता. जुने खून सगळे पायाखाली, कुणी मागायचे नाहीत, कुणी द्यायचे नाहीत. मधाच्या दहा बुधल्यांतला एक मदीनेला, आणि त्या बदल्यात तुमच्या खोऱ्यात बाहेरचा कुणी शिरणार नाही. दोन्ही भावक्या विहिरीवर बसल्या. गिधाडकडा दोघांचा, असं ठरलं. एक दिवस आमचा माणूस उतरेल आणि दोर त्यांचा धरेल. दुसऱ्या दिवशी त्यांचा उतरेल आणि आमचा धरेल.

"आमच्यातनं मी उतरतो," उहबान म्हणाला.

समोरून एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस उठला. गैलान. मुर्राचा धाकटा भाऊ. "मग दोर मी धरतो."

मी बायकांत बसले होते, अर्धी उठलेच. सासू मात्र जागेवरूनच बोलली, "धर की. वळलाय मी. तुला नुसता धरायचाय."

चाळीस दिवस आम्ही दोघींनी तो दोर वळला. त्याच्याइतका देखणा दोर मी पुन्हा पाहिला नाही. तीन बुडकुल्या तूप प्यायला तो.

उतरायच्या दिवशी सगळे माथ्यावर जमले. गैलाननं दोर पाठीवरून घेतला, टाचा दगडाला रोवल्या, आणि मग हात नाकाशी नेला.

"उहबानच्या आई, ह्याला तूप लावलंय का?"

"मग काय तुमच्यासारखं खरजेचं औषध लावू?"

"तूप आम्ही भाकरीला लावतो." त्यांच्याकडचे हसले. "आमची आजी सांगायची, डांबर लावायचं ते..."

"तुझ्या आजीच्या नाकाचं काय झालं होतं ते आमच्या खोऱ्याला ठाऊक हाय," सासू म्हणाली. आता आमच्याकडचेही हसले, आणि आजी काय सांगायची ते राहूनच गेलं.

उहबान कडेवरून दिसेनासा झाला. मी गैलानच्या हातांकडं बघत होते, दुसरीकडं कुठं बघवतच नव्हतं. त्याच्या दंडाच्या शिरा टरारल्या होत्या. पण दोर तो असा सोडत होता जसा एखादा म्हाताऱ्या बापाचा हात धरून त्याला पायरी उतरवतो. दुपारपर्यंत शेणकुटाचा धूर खालून येत राहिला. तीन बुधले वर आले, मग उहबान आला. एक डोळा सुजून मिटलेला, दाढीत मेलेल्या माश्या. लोक ओरडले, कुणी पोळ्याचा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. तो हसला, पण मला ते हसू बरोबर वाटलं नाही. गैलानला त्यानं "उद्या तू" एवढंच म्हटलं. दोर मेखेला तसाच ठेवला आणि आम्ही घरी आलो.

संध्याकाळी शेळ्यांच्या धारा चालल्या होत्या तेव्हा उहबान आत आला आणि अंगावरच्या मेंढीच्या कातड्याखालून त्यानं काहीतरी काढून आईपुढं ठेवलं. वाळलेलं, ताठ झालेलं, काळपट. हातभर लांबीचं दोराचं टोक.

"मोहोळाच्या अंगाला कड्यातनं एक उंबर निघालाय. वरनंबी दिसत न्हाई, खालनंबी न्हाई. त्याच्यात अडकला होता, कमरेची गाठ झटक्यानं सुटलेली. सगळा तिथंच हाय. एवढंच वरचं टोक कापून आणलं."

सासूनं धार सोडली. टोक उचललं. पेड उकलून पाहिले. काळा धागा होता, तिन्ही पेडांत.

"म्हंजे फहमवाल्यांनी लपवला नव्हता," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते निघून गेलं.

सासू दारात उजेडाला गेली. टोकावरून बोट फिरवलं. मी पाहत होते. काकडीसारखं सपाट नव्हतं. केरसुणीसारखं म्हणावं तर एकच पेड तसा होता, बाकीचे दोन नाही. मिशाही नव्हत्या. त्या दोन पेडांचा एक-एक तंतू वेगळ्या उंचीवर संपला होता, लहान लहान पायऱ्यांसारखा. तिनं नख लावलं. मग ते टोक नाकाशी नेलं, आणि मग, मी आजही ते विसरलेली नाही, जिभेला लावलं.

"तूप," ती म्हणाली. "अकरा वर्षांनीबी हाय."

"आई..."

"उंदीर. ते काट्यांच्या अंगाचे, कपारीतले. हे बघ, दोन-दोन दातांच्या खुणा. रातभर बसून खाल्लाय. दोन पेड त्यांनी खाल्ले, तिसरा तुझ्या बापाच्या वजनानं गेला." ती मटकन खाली बसली नाही की कपाळावर हात मारून घेतला नाही. दाराच्या चौकटीला टेकून तिनं ते टोक दोनदा आणखी फिरवून पाहिलं, जणू कुणा दुसरीचा दोर तपासायला आणलाय.

उहबान तिच्यासमोर उकिडवा बसला. "कुणाला सांगायचं न्हाई हे."

"का?"

"का काय! मुर्राला मी मारला. तू बोललीस त्याच्यावर मारला." आठ वर्षांच्या संसारात ते नाव मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. "आता खून पायाखाली गेले. कुणी विचारत न्हाई, कुणी मागत न्हाई. आज त्यानं दोर धरला माझा. हे उकरून काय मिळवायचंय?"

मला त्याचं पटलं. खोटं कशाला सांगू, मी त्याच्याही पुढं गेले. चूल समोर होती. मी तिच्या हातातून ते टोक घेतलं आणि निखाऱ्यांवर टाकलं. तूप मुरलेलं, भस्सकन पेटलं असतं. सासूनं उघड्या हातानं ते उचलून बाहेर काढलं आणि झग्यावर चोळून विझवलं.

"जुमाना," ती म्हणाली. नुसतं नाव. मला वाटलं आता मारते.

"आत्या, मला दोन लेकरं आहेत. उद्या त्याच्या हातात भाला आला तर?"

"उद्या त्याच्या हातात भाला नसंल. उद्या त्याच्या कमरेला माझा दोर असंल. आणि तो दोर आत्ता कुठाय?"

उहबाननं दाराबाहेर कड्याकडं पाहिलं.

"मेखेला हाय. तुपात भिजलेला, वरनं आज मध सांडलेला. रातभर तिथं हाय." तिनं भाजलेली बोटं तोंडात घातली आणि काढली. "एका तुपानं एक मारला. आता दुसरा मारू?"

"मग दोर बदलायचा," उहबान म्हणाला. "अपशकुन झाला म्हणू. कायबी सांगू. जुना दोर लावू."

"कायबी सांगितल्यानंच झालंय सगळं. न बघता बोलले मी. आता बघून गप बसू व्हय?"

तो उठून शेळ्यांकडं गेला आणि तिथंच बसून राहिला. मला वाटलं होतं सासू जेवणार नाही. ती जेवली. जवाची दीड भाकरी, दूध, वर खजूर. ते जळकं टोक उशाला घेतलं आणि आडवी झाली, थोड्या वेळानं घोरायलाही लागली. मी तिच्यावर इतकी चिडले होते आणि तरी त्या घोरण्यानं मला धीर आला, हे कसं सांगू.

सकाळी माथ्यावर कालच्याइतकीच माणसं. गैलान कमरेला फडकं गुंडाळत होता, आज त्याचा दिवस. उहबान दोर धरायला मेखेपाशी. सासूनं दोघांनाही हातानं मागं सारलं आणि मेखेपासून खाली दोर वर ओढायला लागली, वीतवीत बघत.

"काय हुडकताय, उहबानच्या आई? तूप वितळलं का?" त्यांच्यातला कुणीतरी म्हणाला.

तिचा हात थांबला. "हे बघ, गैलाना. डोळं जवळ आण."

एका पेडाचे तीन-चार तंतू तुटले होते, ताजे, आतून पांढरे. फार नव्हते. तेवढ्यानं दोर गेला नसता, बहुतेक. मग तिनं कमरेचं जुनं टोक सोडून त्या शेजारी धरलं. "आणि हे बघ. हा माझ्या नवऱ्याचा दोर. काल माझ्या लेकाला उंबरात सापडला. तुम्ही लपवला नव्हता. तुम्ही कापलाबी नव्हता. उंदरांनी खाल्ला. खाल्ला कारण मी त्याला तूप चोपडलं होतं."

गैलाननं जुन्या टोकावरून अंगठा फिरवला. मग नव्यावरून. त्याला कुणी तीन तऱ्हा शिकवल्या नव्हत्या, पण त्याला कळायला वेळ लागला नाही.

"म्हणजे माझा भाऊ तुपापायी मेला."

"तुपापायी न्हाई. माझ्या तोंडापायी."

"आमच्या पन्नास शपथा..."

"खऱ्या होत्या."

"मोठ्यानं सांग. ह्या सगळ्यांना ऐकू जाऊ दे. तुमचे लोक हसले होते, उहबानच्या आई. माझा बाप ते हसू कानात घेऊन मेला."

ती मेखेमागच्या खडकावर चढली. साठीची बाई, गुडघे कुरकुरत होते, तरी कुणाचा हात घेतला नाही. आणि तिचा आवाज! खोऱ्यात शेळ्या बोलावून तयार झालेला.

"ऐका! मी शमूस, इयासची बायको, शिमराखांची. माझा दोर कुणी कापला न्हाई! उंदरानं खाल्ला, आणि चूक माझी! जुवैनांनी घातलेल्या पन्नासच्या पन्नास शपथा खऱ्या! मुर्रानं काय केलं नव्हतं! तो बिनगुन्ह्याचा मेला!"

समोरच्या कड्यानं ते शब्द परत पाठवले. आमच्यातले सगळ्यात वडीलधारे पुढं आले, चेहरा पडलेला. "बाई, बस कर. झालं ना आता."

"कापलाय म्हणाले तवा कुणी बस कर म्हणालं न्हाई मला, दादा. आताच का?"

ते मागं सरले.

आता सगळ्यांचे डोळे दोघांवर. उहबाननं कमरेची सुरी काढली, गैलानच्या पायापुढं दगडावर ठेवली आणि सरळ उभा राहिला. हात मोकळे. मी माझ्या धाकट्याला इतकं घट्ट धरलं होतं की तो रडायला लागला. आमच्या माणसांतल्या दोघांचे हात भाल्यांकडं गेले. सासू खडकावरूनच ओरडली, "हात खाली! कुणी मधी यायचं न्हाई."

गैलाननं सुरी उचलली. तिची धार पाहिली. उहबानकडं पाहिलं, बराच वेळ. मग तो वळला, मेखेपाशी गुडघ्यावर बसला आणि एका झटक्यात चाळीस दिवसांचा तो दोर कापला. उरलेला तुकडा त्यानं वर धरला, टोक सगळ्यांना दिसेल असा.

"सुरीनं कापलं की असं दिसतं," तो म्हणाला. "नीट बघून ठेवा. पुन्हा विचारू नका."

काकडीसारखं सपाट.

बाकीचा दोर त्यानं पायानं ढकलून कड्याखाली सोडला. सुरी उहबानला परत दिली, मुठीकडून. "खून पायाखाली घातलेत म्हणतात. माझा पाय अजून त्याच्यावर नीट बसलेला नाही. पण मी शब्द दिलाय, आणि आमच्या शब्दाचं काय असतं ते आत्ता तुझ्या आईनं सांगितलं." मग तो खडकाकडं वळला. "काथ्या तुमच्याकडं चांगला आहे. डांबर आमच्याकडं. महिन्यानं येतो."

"तुझ्या आजीनं काय सांगितलं होतं रं?" सासूनं विचारलं.

"कडू असतं. उंदीर तोंड लावत नाही."

"काल का न्हाई बोललास?"

"बोलू दिलंस?"

जाताना आमच्या माणसांनी तिच्याशी बोलणं टाळलं. पुढचे कित्येक दिवस पाणवठ्यावर बायका ती आली की बाजूला होत. दोन घरांनी तिचे दोर परत आणून दारात टाकले. तिनं ते उचलून आत घेतले आणि एकेकाचं तूप राखेनं घासून काढलं. दुसऱ्या आठवड्यात जुवैनांकडची एक दात पडलेली म्हातारी गाढवावर डांबराची दोन मडकी घालून आली. गैलानची आत्या. ती आणि माझी सासू पंधरा दिवस एकाच अंगणात बसल्या, आणि पंधरा दिवस भांडल्या. डांबर किती दाट, किती गरम, आधी लावायचं की वळल्यावर. त्या म्हातारीनं सासूला सुनावलं, "तुझा हात दोरावर फिरतो जसा नवरीच्या गालावर. घास बाई, घास." सासूनं ऐकून घेतलं. सासूला कुणाचं ऐकून घेताना मी पहिल्यांदा पाहत होते. मलाच कसंतरी झालं. हात कोपरापर्यंत काळे, घरभर खरजुल्या उंटाचा वास, लेकरं नाक धरून बाहेर झोपायची.

टांगून घ्यायची वेळ आली तेव्हा तिनं बाभळीला दोर बांधला आणि म्हातारीकडं बघितलं. "तू आधी."

"माझं डांबर, तुझा दोर. दोघी."

दोघी लोंबकळल्या. बाभळीची फांदी मोडली, दोर नाही.

त्या जळक्या टोकाचं तिनं काय केलं ते सांगते. ते दाराच्या चौकटीला खिळ्यानं ठोकलं. पुढं माझ्या धाकट्या दिराची बायको आली, मग पुतण्यांच्या आल्या. प्रत्येकीपुढं ती काकडी, केरसुणी आणि मिशा ठेवायची, मग दाराकडं बोट करायची. "आणि हा चौथा. ह्याला मी अकरा वर्षं वळखलं न्हाई." असं म्हणताना तिचा आवाज खाली जायचा नाही. आज ते मी दाखवते, तिच्याच शब्दांत, आणि माझाही जात नाही.

महिन्यानं गैलान आला आणि गिधाडकड्यावरून उतरला. दोर उहबाननं धरला. सासू मेखेवर बसली, अक्षरशः वर बसली, दोन्ही पाय फाकून, जणू मेखेनं उठून जायचं ठरवलं तर हिच्या परवानगीशिवाय जाऊ नये. माझ्या नवऱ्यानं त्या दिवशी दोर जितका घट्ट धरला तितकं घट्ट त्यानं दुसरं काही धरलेलं मी कधी पाहिलं नाही. घामानं त्याचे डोळे चुरचुरत होते, पण पुसायला त्यानं हात सोडला नाही. मी पदरानं पुसले.

निम्म्यावर गेल्यावर खालून आवाज आला. "उहबानच्या आई! वास कसा आहे?"

"लई घाण!" ती वरून ओरडली. "बोलत राहा! बोलणं थांबलं तर मला कळायचं न्हाई तू मेलास का वास मेला!"

तो बोलत राहिला. काय काय बोलला ते वाऱ्यात गेलं, पण मधून मधून मुर्राचं नाव येत होतं. लहानपणी दोघांनी कुठली करडं चोरली, कुठं पडले, आईनं कुणाला आधी मारलं. उहबान ते सगळं ऐकत दोर सोडत होता, हाताहातानं. त्यानं एकदाही मान वर केली नाही.

दुपारी गैलान वर आला. चार बुधले, आमच्यापेक्षा एक जास्त, आणि ते त्यानं दोनदा सांगितलं. मग कमरेचा दोर सोडायच्याही आधी त्यानं पोळ्याचा पांढरा तुकडा मोडून सासूपुढं केला. तिनं तो त्या काळ्या बोटांनी घेतला, तोंडात टाकला, आणि चेहरा वाकडा केला.

"कडू लागतंय."

"बोटं धू आधी," गैलान म्हणाला.

तिनं बोटं धुतली नाहीत. ती मेखेवरून उठली, वाकली, आणि वर आलेला दोर वीतवीत बघत हातांतून सोडायला लागली. रात्री तो मेखेला राहणार होता.